न वाळणारं पॉलिश

माझे मामा सुतार. त्यांच्या लहानपणी घरात नऊ माणसं आणि जेवायची वेळ एकच. आजोबा हात धुऊन बसले की पातेलं मध्ये यायचं. मागाहून येणाऱ्याच्या नशिबी तळाचं करपलेलं. मामा सांगतात, "माझ्या डावीकडे थोरला भाऊ. जरा मान वळवली की माझ्या पानातला बटाटा गेलाच. शिंक आली तरी एक डोळा उघडा ठेवायचो."

असा माणूस आता पाच जणांच्या घरात एकटा जेवतो. मुलगा खोलीचं दार लावून कॉम्प्युटरसमोर. सूनबाईंचं आहाराचं वेळापत्रक आहे, त्यात खाण्यापेक्षा न खाण्याचे तास जास्त. नात मोबाईल पेल्याला टेकवून जेवते. काय खाल्लंस विचारलं तर ताटात डोकावून सांगते. मामी मालिकेसमोर. मामांनी हौसेने केलेल्या आठ जणांच्या टेबलावर इस्त्रीचे कपडे बसतात आणि एका कोपऱ्यात मामा.

हळूहळू त्यांचं जेवण निम्म्यावर आलं. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही निघालं नाही. मामा मला म्हणाले, "पळवायला कुणी नाही रे. मग त्या बटाट्याला चव कुठून येणार?"

एका रविवारी त्यांनी चारही खोल्यांची दारं बिजागऱ्यांतून काढली आणि घरामागच्या आपल्या कारखान्यात नेली. "फुगलीत. रंधा मारतो, पॉलिश करतो," म्हणाले. चाळीस वर्षं लोकांची दारं बसवणाऱ्या माणसाशी हुज्जत कोण घालणार? बाथरूमचं तेवढं ठेवलं. ते म्हणे नव्या लाकडाचं होतं.

सोमवारी मुलाच्या घरूनच चाललेल्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये मामींच्या मालिकेतली सासू हुंदके देऊ लागली. साहेबांनी काळजीने विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? सूनबाईंच्या नेमक्या न खाण्याच्या तासात नवऱ्याच्या खोलीतून तळणाचा वास यायला लागला. कुणी किती वेळा काय खातं, हे दोन दिवसांत घरभर झालं. बुधवारी जेवणाच्या वेळी सगळेच आपापली ताटं घेऊन तक्रारीला टेबलाशी आले.

"बाबा, दारं कधी लागणार?"

"पॉलिश वाळायचंय. बस ना, उभ्याने काय भांडतोस?"

"आजोबा, ते कालच वाळलं होतं. मी बोट लावून बघितलं."

"बोट लावलंस म्हणूनच परत करावं लागलं."

सूनबाई म्हणाल्या, "मी जेवायला नाही आले हं, फक्त बोलायला आलेय." बोलता बोलता त्यांनी सासऱ्यांच्या ताटातली काकडी संपवली. मुलाने ते पाहिलं आणि टोमणा मारला. मग त्याच्या तळणाचा विषय निघाला. नातीने मोबाईल उलटा ठेवला, कारण इथली मारामारी जास्त रंगली होती. भांडण पाऊण तास चाललं. मामांनी दोनदा भात मागून घेतला.

सगळे उठल्यावर मामी हळूच म्हणाल्या, "दुपारी तुमच्या कारखान्यात डोकावले होते. चारही दारं कागदात गुंडाळून तयार आहेत."

मामा ताटातला शेवटचा भात गोळा करू लागले. "उद्या बसवतो," ते पुटपुटले.

मामी ताटं गोळा करत राहिल्या. "एवढी कसली घाई? अजून एक हात फिरवा की पॉलिशचा. आणि माझी मालिका साडेआठला संपते. जेवणं त्यानंतर ठेवा."