खाऱ्या पाण्यातले पाच ऊस

“हात मागे!”

गच्चीचं दार ढकलून कुणी आत पाय टाकला की बाई पहिलं हेच ओरडायच्या. नमस्कार नाही, या-बसा नाही. शाळेत बांधतात तसे दोन्ही हात पाठीमागे बांधायचे आणि मगच उसाच्या ड्रमांपाशी जायचं. आमच्या सोसायटीचे चेअरमन, ज्यांच्यासमोर लिफ्टसुद्धा जरा अदबीने थांबते, त्यांनाही मी असं हात बांधून उभं राहिलेलं पाहिलंय. पाण्याची टाकी धुवायला आलेल्या माणसाने तर शिडीवर चढतानाच हात मागे बांधले आणि वरून धाडकन खाली आला.

“अहो बाई, नुसतं बोट लावलं,” कुणी म्हणायचं.

“त्याला कळतं. तुझ्या बोटाची बातमी त्याच्या पेशीपेशीत जाते. मग मी मीठ मोजतेय की तुझं बोट, हे मला कसं कळणार?”

बाईंचा आवाज असा, की त्या बाळकुमला गच्चीवर खाकरल्या तर कळव्याच्या खाडीवरचे बगळे जागा बदलत. लोक म्हणतात मी फुगवून सांगतो. लोकांचं काय जातं? गच्चीखालच्या मजल्यावर ते राहत नव्हते, मी राहत होतो.

बाई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. मूळच्या इथल्याच, बाळकुमच्या जुन्या ख्रिस्ती शेतकरी घरातल्या. आमची चौदा मजली इमारत उभी आहे तिथे त्यांच्या आजोबांचं भाताचं शेत होतं. आम्ही कुणी साताऱ्याहून आलेलो, कुणी चिपळूणहून, कुणी डोंबिवलीची चाळ सोडून. आणि सोसायटीचे नियम आम्ही शिकवायचो कुणाला, तर त्यांना. तुम्हीही पाहिलं असेल हे. प्रत्येक सोसायटीत एक तरी असं माणूस असतं, ज्याच्या जमिनीवर उभे राहून आपण त्याला बाजूला सरकायला सांगतो.

ऊस गच्चीवर का, तर कॉलेजमागची बाग सपाट करून तिथे गाड्या लावायची जागा केली म्हणून. बाई प्राचार्यांशी भांडल्या, हरल्या, आणि टेम्पोतून चोवीस निळे ड्रम घेऊन घरी आल्या. बारा ड्रमांना साधं पाणी, बारांना मिठाचं. कारखान्याला जातो तो ऊस काही ड्रमांत, आणि काहींत त्याच उसाचा आणि खाडीकाठी पांढरे तुरे मिरवणाऱ्या रानगवताचा संकर. ते रानगवत म्हणजे आजच्या उसाचा रानातला पूर्वज. प्रत्येक ताटाला नंबराचा बिल्ला. गच्चीच्या चाव्या दोन. एक बाईंकडे, दुसरी माझ्याकडे.

माझ्याकडे का, हे मलाही नीट कळलेलं नाही. मी औषधं विकणारा माणूस, दिवसभर डॉक्टरांना गोड गोड थापा मारतो. बाई म्हणायच्या, “तू लबाड आहेस, पण वेळेवर पाणी घालतोस.” चौदा वर्षांच्या संसारात माझ्याबद्दल इतकं चांगलं माझ्या बायकोनेही काही म्हटलेलं नाही.

एकदा चेअरमननी विचारलं, “बाई, रस कधी पाजताय?”

“साहेब, हा रसाचा ऊस नाही. हे कुटुंब आहे.”

“कुणाचं?”

मग बाईंनी पाण्याची बादली उपडी केली, तिच्यावर बसल्या आणि सांगायला लागल्या. फार फार जुन्या एका गवतात एक जनुक होतं. नक्कल करताना घोटाळा झाला, एकाची दोन झाली. दोनाची चार. ज्वारी आणि ऊस वेगळे झाले तेव्हा दोघांनी हे कुटुंब वाटून नेलं आणि आपापल्या घरी वाढवलं. उसाने तर कहर केला. माणसाकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, उसाकडे आठ-आठ, दहा-दहा.

“एवढे भाऊ घरात, मग करतात काय?” मी विचारलं.

“एक जण जुनं काम इमानाने करतो. काही मेले. काही नुसते बसून खातात. आणि एखादा असतो, जन्मभर झोपलेला, पण खारं पाणी दारात आलं की उठतो. मला तो उठलेला बघायचाय.”

चेअरमन म्हणाले, “वा वा,” आणि हात मागे बांधलेलेच ठेवून खाली गेले.

बघायची रीतही बाईंचीच. पानाचा तुकडा कापायचा आणि त्याच क्षणी धूर ओकणाऱ्या थर्मासात टाकायचा. आत इतकी थंडी, की पान त्या घटकेला पेशीत जे काही करत असेल ते तसंच्या तसं गोठतं. मग कॉलेजच्या प्रयोगशाळेत मशीनवर बघायचं, कुठला भाऊ जागा होता. दोन वेळा पानं घेऊन झाली होती. तिसरी, शेवटची, महिनाभर खारं पाणी पाजल्यानंतर. वर्षअखेरीला बाई निवृत्त होणार होत्या, आणि निवृत्त माणसाला मशीनच्या खोलीची किल्ली मिळत नाही. पुन्हा ऊस लावायला अवधी नव्हता.

महिना भरत आला तेव्हा खाऱ्या ड्रमांतला ऊस पिवळा पडून माना टाकायला लागला होता. पाच ताटं तेवढी हिरवीगार, साध्या पाण्यातल्यांपेक्षाही उंच, माझ्या डोक्याच्या वर हातभर. बाई रविवारी दुपारी पांढरी साडी नेसून, फुलं आणि मेणबत्त्यांची पिशवी घेऊन माझ्या दारात आल्या. ख्रिस्ती लोकांचा मृतांचा दिवस होता, संध्याकाळी आईवडिलांच्या थडग्यांवर प्रार्थना होती.

“उद्या सकाळी सातला पानं घेणार. आज तू वर जाऊ नकोस. पाणीही नको.”

“नाही जात, बाई.”

त्याच संध्याकाळी आमच्याकडे तुळशीचं लग्न होतं.

सांस्कृतिक समितीचा प्रमुख मी. हे पद मला कसं मिळालं ते विचारू नका, मीच माझं नाव सुचवलं होतं. उसाचा मांडव घालायचा, आणि ऊस घेऊन येणारा रिक्षावाला घोडबंदर रोडच्या कोंडीत तासभर एकाच खांबाकडे बघत उभा. गुरुजींना पुढची तीन लग्नं होती. ते घड्याळाकडे बघत, बायका माझ्याकडे बघत. चेअरमननी आभाळाकडे बघितलं आणि म्हणाले, “वर गच्चीवर जंगल आहे की!”

आणि मी हो म्हटलं. मी! पाच उसांनी काय होतंय, चोवीस ड्रम आहेत, असं मनाशी म्हटलं. पानं तर जाग्यावरच राहणार, उद्या बाई मांडवातून घेतील, असंही म्हटलं. थाप मारायची सवय असली की माणूस पहिलं गिऱ्हाईक स्वतःलाच करतो. कोयता घेतला, वर गेलो. देवाच्या कामाला किडकं-पिवळं कसं न्यायचं? चांगलंच न्यायचं, शेंड्यासकट, हिरवंगार. चोवीस ड्रमांत सगळ्यात देखणी पाच ताटं मी निवडून कापली. बिल्ले बरे दिसत नव्हते म्हणून काढून खिशात टाकले.

मंगलाष्टकं चालू असताना बाई गेटातून आल्या. हातात रिकामी पिशवी, साडीवर मेणाचे थेंब. मांडवाकडे पाहिलं आणि थांबल्या. कुणीतरी त्यांच्या मुठीत अक्षता दिल्या. शेवटचं “सावधान” होईपर्यंत बाई एक अक्षर बोलल्या नाहीत. सगळ्यांबरोबर अक्षता टाकल्या. हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि या एका वाक्यात शेंगदाण्याएवढीही अतिशयोक्ती नाही.

मग विचारलं, “माझा ऊस कुणी कापला?”

चेअरमन म्हणाले, “देवाच्या कामाला आला, बाई. पुण्यच लागलं तुम्हाला.”

“पुण्य?” बाईंना राग आला की कॉलेजचं मराठी गळून पडायचं आणि बाळकुमचं वर यायचं. “मना पुण्य नको शिकवू! तीन वर्सं राबलेय मी. देवाला हवा होता तर मना मागायचा होता. मी स्वतः कापून दिला असता, गोड्या पाण्याचा!”

मी तिथेच होतो, खिशात पाच बिल्ले. ते मांडीला टोचत होते आणि मी बुंदीचं पातेलं ढवळत होतो. बुंदी कुणी ढवळतं का? मी ढवळत होतो.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर आलं, ‘काही जणांना आपल्या सणाचा त्रास होतो.’ खाली अंगठ्यांची रांग. दुपारपर्यंत बाईंनी मांडव लाथाडला होता, संध्याकाळपर्यंत तुळस उपटली होती. थापा मारणं हा माझा धंदा आहे, पण इतक्या हलकट थापा मी औषधांबद्दलही कधी मारल्या नाहीत. मी सगळं वाचत होतो आणि काही लिहीत नव्हतो.

तिसऱ्या दिवशी बिल्ले घेऊन बाईंच्या दारात गेलो. त्यांनी बिल्ले मोजले, नंबर वाचले.

“पाचही?” म्हणाल्या. “पाचही तेच?”

“देखणे होते म्हणून…”

“देखणे का होते, ते बघायला तर बसले होते मी.”

“बाई, पानं होती की हो. मांडवात रात्रभर हिरवी होती.”

“मान कापलेल्या माणसाला विचारतोस, मीठ कसं लागलं? तो मानेबद्दलच बोलणार.” मग जरा थांबून, “खाली बुडखा किती ठेवलास?”

“वीतभर.”

“मग फुटेल. खोडवा येईल. पण महिने लागतील. माझ्याकडे आठ आठवडे आहेत.”

“माफ करा, बाई.”

“नाही करत. मी रागावलेय आणि रागावलेलीच राहणार. तू मला हे सांगितलंस. त्यांना सांगितलंस का?” आणि दार लावलं.

महिनाभराने सर्वसाधारण सभा झाली. विषय, गच्चीवरचे ड्रम हटवणे. चेअरमन गळतीबद्दल बोलले. गच्चीखाली मी राहतो, माझ्या छतातून आजवर बाईंच्या आवाजाशिवाय काही गळलेलं नाही. मागून कुणीतरी म्हणालं, “आपले सण ज्यांना खुपतात, त्यांचे लाड कशाला?” बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. वळून पाहिलं नाही.

मी उठलो. जन्मात पहिल्यांदा माझा आवाज बारीक झाला होता.

“ऊस मी कापला. चावी त्यांनी माझ्यावर विसंबून दिली होती. त्यांनी सणाला एक शब्द लावला नाही, उलट अक्षता टाकल्या. ग्रुपवर जे लिहिलंत ते सगळं खोटं आहे. खोटं म्हणजे काय हे या खोलीत माझ्याइतकं कुणाला कळत नाही, म्हणून सांगतोय.”

मग चेअरमन म्हणाले, “ते ठीक आहे, पण गळतीचं काय?” हात वर झाले, ठराव मंजूर. माझा एक हात विरोधात. तुम्हाला वाटलं असेल, खरं बोललं की काहीतरी होतं. मलाही वाटलं होतं. बाई उठल्या, खुर्ची जागेवर लावली आणि निघून गेल्या.

वर्ष संपलं, बाईंची नोकरी संपली. जानेवारीत एका सकाळी टेम्पो आला. कळव्याला खाडीलगत त्यांच्या भावाची चतकोर जमीन उरली होती, तिकडे ड्रम चालले होते. त्या पाच बुडख्यांना बोट-बोट कोंब फुटले होते. मशीन नाही, थर्मास नाही, ते वाढून कुणाला काय सांगणार होते कोण जाणे. मी न विचारता खाली गेलो आणि एका ड्रमाला हात घातला.

बाई हमालाला म्हणाल्या, “त्या माणसाला सांगा, साध्या पाण्याचे उचल म्हणावं. खाऱ्याचे मी बघते.”

मी बारा ड्रम उचलले. कंबर अशी गेली की आजही पाऊस यायचा असला की मला हवामानखात्याच्या आधी कळतं. शेवटी बाई स्वतः टेम्पोच्या मागच्या हौद्यात चढल्या, ड्रमांच्या मधे उकिडव्या बसल्या आणि कोंबांना वारा लागू नये म्हणून पदर उलगडून त्यांच्यावर आडवा धरला. टेम्पो सुरू झाला. मी गेटापाशी उभा होतो. बाई पदराचं टोक दातांत धरून दुसऱ्या बाजूची गाठ मारत होत्या, वळणावर टेम्पो कलला तरी मारतच होत्या.