भिंतीवरचं जेवण

नळ तोडायची नोटीस आली तेव्हा चौथीपर्यंत शिकल्याचा मला पहिल्यांदा त्रास झाला. वाचता आलं. नाहीतर कोणाकडून वाचून घेईपर्यंत दोन दिवस तरी बरे गेले असते.

घरपट्टी तीन वर्षांची थकली होती. भरा, नाहीतर नळ बंद. आमची विहीर मचूळ, तिच्या पाण्यात डाळ शिजत नाही. माझ्या हातात निराधारचे पैसे येतात आणि कोळंबी सोलायला जाते त्याचे.

पट्टी थकली ती भिंतीमुळे. अलिबागहून रेवदंड्याकडे गाड्या वाढल्या तेव्हा मी रस्त्याकडच्या भिंतीवर लिहून घेतलं, घरगुती जेवण मिळेल. एकच मे महिना लोक आले. मग पुढच्या वळणावर एसीचं हॉटेल झालं, माझ्याकडे कोणी थांबेना. रंगाऱ्याला पैसे दिले होते, म्हणून अक्षरं काही पुसली नाहीत. आकारणीला आलेल्या माणसाने ती वाचली आणि माझं घर धंद्याचं म्हणून लिहिलं. पट्टी दुप्पट झाली. मी रागाने भरायचंच सोडलं. ही माझी चूक.

नोटीस घेऊन पंचायतीत गेले. ग्रामसेवक माझ्या नातवाच्या वयाचा. म्हणाला, "आजी, धंदा बंद असेल तर अर्ज द्या. आम्ही येऊन बघू. राहतं घर लिहिलं की पुढची पट्टी कमी होईल. मागची हप्त्याने भरा, नळ नाही तोडत."

"कधी येणार?"

"येऊ या आठवड्यात."

अर्ज तिथेच दिला, घरी आले आणि भिंतीला चुना मारला. सुकल्यावर अक्षरं परत वर आली. दुसरा हात मारला. 'जेवण' तेवढं दिसतच राहिलं. रोज उठून आधी भिंत बघायची, मग रस्ता. मोटारसायकल वाजली की दारात. कोळंबी सोलायला गेले नाही. मी नसताना येऊन गेले तर काय करायचं.

शेजारी राहते ती माझी धाकटी जाऊ. कुंपणावरून म्हणाली, "बाय, सोयरीक यायची हाय काय? सारखी दारात उभी."

"तुझ्या नळाला नोटीस येऊ दे, मग बघते तू कुठं बसतेस ती."

शनिवारी गाडी थांबली. नवरा, बायको, दोन मुली. "मावशी, जेवण मिळेल ना? भिंतीवर वाचलं."

नाही म्हणायला हवं होतं. पण पहिला हप्ता चालत दारात आला होता, आणि शनिवारी पंचायतीला सुट्टी असते. जावेकडून बोंबील उधार आणले, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. ती चौघं जेवत असतानाच, सुट्टी असूनही ग्रामसेवक आला, काखेत रजिस्टर घेऊन.

"आजी, बंद आहे म्हणाला होतात."

"पावणे हायत."

"कुठले?"

"पुण्याचे," ती बाई मध्येच म्हणाली.

"नात्यातले?"

"लांबचे," मी म्हटलं.

तेवढ्यात तिचा नवरा हात धुऊन आला आणि त्याने पाकीट काढलं. "मावशी, किती झाले?"

ग्रामसेवक माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "घरच्या माणसाकडून कोणी पैसे घेतं काय?"

मला वाटलं, हा समजेल, जाताना काहीतरी करेल. नाही समजला. पाकीट खिशात घातलं, इकडची माणसं किती चांगली असं बायकोला सांगितलं, माझ्याबरोबर फोटो काढला आणि चौघं निघून गेली. बोंबील, तांदूळ, तेल, सगळं फुकट.

ग्रामसेवकाने चेहरा गंभीर ठेवून लिहिलं. मग रजिस्टर मिटून म्हणाला, "राहतं घर लिहिलंय. ती भिंत मात्र खरवडा, आजी. पाहुणे वाढतील."

तो वळणाआड गेल्यावर जाऊ कुंपणाशी आली. "बोंबलांचे पैशे कोन देनार? पुन्याचे पावणे?"

"देईन. मी काय मरत न्हाय इतक्यात."

नळ आहे. हप्ता कोळंबी सोलून भरते, जावेचे पैसेही तसेच फेडले. भिंत करवंटीने खरवडली, तिथला गिलावा पडला, अक्षरं गेली. तरी शनिवारी गाडी हळू झाल्याचा आवाज आला की मी आत जाऊन कडी घालते. जाताना तो पुण्याचा पाहुणा म्हणाला होता, पुढच्या वेळी दोन गाड्या घेऊन येतो.