बाबांना खाली नेलं

चौथ्या मजल्यावरची शिवणवाली अकरा वर्षं सासऱ्यांशी राजकारणावरून भांडत आली होती. सासरे निवृत्त बसड्रायव्हर, एका पक्षाचे कट्टर. ही बरोबर उलट्या बाजूची. नवरा बिचारा दोघांच्या मध्ये मुकाट्याने जेवायचा.

यंदा मतदानाच्या दिवशीच लिफ्ट बंद पडली. सासऱ्यांच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. तरी ते सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीशी बसले होते. समोरच्या शाळेत मतदान होतं, पण फाटकाशी चिटपाखरू नव्हतं. मागच्या खेपेलाही निम्मं शहर घरीच बसलं होतं.

तिला ते बघवेना. हातातलं शिवण ठेवून तिने नवऱ्याला आणि शेजारच्या सुताराला हाक मारली.

"बाबा, खुर्चीत बसा. हे दोघं तुम्हाला उचलून नेतील."

"अगं, माझं मत कुणाला जाणार ठाऊक आहे ना? तुझंच वाया जाईल."

"वाया कसलं जातंय? दोन्ही मोजली जातील की! हात आत घ्या, कठडा लागेल."

चार मजले उतरेपर्यंत नवरा आणि सुतार घामाघूम झाले. केंद्रावर पेंगत बसलेली बाई ही वरात बघून दचकून उभीच राहिली.

निकालात शिवणवालीचा पक्ष सपशेल आपटला. ती मशीनवर मान खाली घालून बसली. सासऱ्यांनी टीव्ही बंद केला, भिंत धरत धरत स्वयंपाकघरात गेले आणि जन्मात पहिल्यांदा सुनेसाठी चहा टाकला. साखर फारच पडली होती, पण तिने तो संपवला.