दोन सारखे वाटे

मुलांनो, मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, माढ्याच्या आत्याआजीच्या एकतीस रेकॉर्डिंगपैकी सातच का पाठवलीत? आजोबा घाईघाईने म्हणाले, व्हायरस आला होता, आणि मी मान डोलावली. व्हायरस कसला, मीच होते. आजोबांना खोटं फार दिवस पेलत नाही. त्यांनी अर्धवट काही सांगून टाकण्याआधी मीच सगळं लिहिते.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मला एक नाद लागला आहे. कॉम्प्युटर जिच्यावर चालतो ती ऑपरेटिंग सिस्टीम सगळ्यांना देण्याआधी, कच्ची असताना, हौशी माणसांना तपासायला देतात. मी ती घेते, चुका शोधते आणि मुद्देसूद इंग्रजीत कळवते. आयुष्यभर मुलांच्या निबंधांवर लाल खुणा केल्या, आता कंपनीवर करते. कंपनी रडत नाही, उलट आभार मानते.

यात माझी पद्धत सासूबाईंच्या सोवळ्याची. सोवळ्यातल्या भांड्याला ओवळ्याचा स्पर्श नाही. डिस्कचे दोन भाग करायचे. एकात रोजची, भरवशाची सिस्टीम आणि आपले फोटो, कागद. दुसऱ्यात कच्ची. कॉम्प्युटर लावला की तो विचारतो, कुठे जायचं? कच्ची कोसळली तरी रोजचीला धक्का नाही. एकदा तर मी आजोबांना न सांगता कच्चीतच बसवून दिलं होतं. बिचारे पाऊण तास आपलं वर्तमानपत्र शोधत होते आणि मी शेजारी शेंगा सोलत होते.

मागच्या दिवाळीत आम्ही माढ्याला गेलो, तेव्हा वन्संच्या, म्हणजे आजोबांच्या थोरल्या बहिणीच्या, गोष्टी मी फोनवर रेकॉर्ड केल्या. उन्हाळ्यात त्या गेल्या. त्यांचा आवाज तेवढा माझ्या कॉम्प्युटरवर राहिला. फोनवरून तो मी पुसला होता, कारण फोन भरला होता. दर महिन्याला मी सगळ्याची नक्कल बाहेरच्या डिस्कवर घेते, पण नाव आणि विषय न घातलेली फाइल तिथे ठेवायची नाही, असा माझाच नियम. एकतीस नावं सुचायची होती. ती सुचेपर्यंत वन्सं दाराबाहेर.

मग नवी कच्ची सिस्टीम आली. कोणता भाग पुसू, असं तिने विचारलं. पडद्यावर दोन भाग दिसत होते, नावं नव्हती, फक्त आकार. आणि ते दोन्ही तंतोतंत सारखे, कारण मी डिस्क खोबऱ्याच्या वडीसारखी बरोबर मधोमध कापली होती. कोणीही शहाणा माणूस एक भाग मोठा, एक लहान ठेवतो. मला ते दृष्टीला बरं वाटलं नाही. रोजचा भाग पहिलाच असणार, असं धरून मी दुसरा पुसला.

तो रोजचा होता.

फोटो, कागद बाहेरच्या डिस्कवरून परत आले. वन्सं आल्या नाहीत. दुरुस्तीच्या दुकानदाराने कॉम्प्युटर दोन दिवस ठेवून घेतला आणि म्हणाला, "काकू, त्यावर नवीन लिहून झालंय. आता निघत नाही."

आजोबांना सांगताना मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते उठले, न्हाणीघरात गेले आणि दाढी करताना लावतात तो छोटा स्पीकर घेऊन आले. त्याला पेनड्राइव्ह लावलेला होता. कळ दाबली तशा वन्सं बोलू लागल्या, "आमची वैनी लई टापटिपीची बगा. चा दिला तर समद्या कपांचे कान एका अंगाला. मला कळंना, चा प्यायचा का कवायत बगायची."

मी विचारलं, हे कधी काढून घेतलंत?

"दिवाळीनंतर लगेच," आजोबा म्हणाले. "तुझी चेष्टा केलेल्या तेवढ्याच घेतल्या. म्हटलं, तू नावं घालायला बसलीस की आधी ह्याच कापशील."

कापणारच होते. तसं मी ठरवलंही होतं.

केमच्या स्टेशनवर वन्संनी पहिल्यांदा आगगाडी पाहिली ती गोष्ट गेली. त्यांच्या लग्नातल्या भांडणाची गेली. अशा चोवीस गेल्या. सात उरल्या आहेत, सातही माझ्यावरच्या, आणि त्यांतला एकही शब्द मी कापलेला नाही.