गेरूचं झाड

विद्यानगरातल्या आमच्या इमारतीत सगळ्यांकडे रंगकामाला एकच रंगारी येतो. ब्रश उचलण्याआधी भिंतीवर तळहात ठेवतो, ताप बघावा तसा, आणि म्हणतो, “तबियत ठीक है.”

ऑफिसातले पुण्याचे लोक जेवायला येणार होते. आईने स्वयंपाकघराच्या भिंतीवर गेरूने काढलेलं पिंपळाचं झाड मला गावंढळ वाटलं. त्यावर रंग मारायला मी त्याला सांगितलं. त्याने झाडावर तळहात ठेवला. मग ब्रश माझ्याकडे दिला.

“मेरे से नै होता साब. तुम मारो.”

आई दारातच होती. मी रंग मारला. रंगाचे दोन हात दिले तरी झाड वर येत राहिलं, तिसऱ्याला गेलं.

आता जिन्यात भेटला की तो आईची तबियत विचारतो. मी खाली बघून म्हणतो, ठीक आहे.