शंकरसिंग गुरुजींनी नाकारलेला निवाडा

शंकरसिंग गुरुजींच्या वेतनाच्या थकबाकीतून आयकर कापला गेला, त्याचे त्यांना दुःख नव्हते. दुःख होते ते तो नेमसिंगच्या पॅनवर जमा झाला याचे. डोंगरकड्याजवळच्या एकाच तांड्यातले, एकाच आश्रमशाळेतून निवृत्त झालेले हे दोन शिक्षक. यादीत नावे एकाखाली एक होती आणि कोणा कारकुनाची नजर एक ओळ घसरली. नेमसिंगच्या कळमनुरीच्या सल्लागाराने जादा दिसलेला कर परत मागितला, परतावा आला आणि नेमसिंगने घरावर स्लॅब टाकला. गुरुजींना मात्र कर थकवल्याची नोटीस मिळाली.

आयकर कार्यालय वेतन कार्यालयाकडे बोट दाखवी, वेतन कार्यालय आयकराकडे.

"तुमचा नंबर बराबर हाये गुरुजी. पैसे तेवढे दुसऱ्याच्या नंबरावर हायत," एका लिपिकाने समजावले.

"हे मीच तुम्हाला लिहून दिले आहे," गुरुजी म्हणाले.

पत्नी जमनाबाई गेल्यापासून गुरुजींच्या घरात बोलणारे माणूस उरले नव्हते. संध्याकाळी नेमसिंग येई, तेवढाच आवाज. घोळ कळताच त्याने स्वतःच तांड्याचे प्रमुख थावरा नाईकांना नसाब बसवायला सांगितले. तांड्याच्या त्या पंचायतीने निवाडा दिला : नेमसिंगने रक्कम भरून द्यावी. बकऱ्या विकून त्याने ती आणली आणि सर्वांसमक्ष पुढे धरली.

"घे शंकर. तुझं माझ्या घरात नको."

गुरुजींनी हात मागे घेतला. "हे कार्यालयाने द्यायचे आहेत. मी तुझ्याकडून घेतले, तर त्यांची चूक कायमची झाकली जाईल."

"नसाबनं न्याव केला गुरुजी. आता काहून अडून राहिले?" थावरा नाईकांनी विचारले.

"मला न्याय हवा आहे, तडजोड नको."

समेटाचा गूळ ताटात तसाच राहिला. म्हातारे संतराम धोतर झटकत उठले. "चला रे, इथं हायकोर्ट बसलंय. आपलं काय काम?"

नसाबसमोर पुढे केलेला हात नाकारणे म्हणजे तो हात विटाळलेला ठरवणे, हे तांड्यात जन्मलेल्या गुरुजींना ठाऊक होते. अर्ज लिहिता लिहिता ते विसरले होते. नेमसिंगचे येणे थांबले.

तक्रारी वरपर्यंत गेल्या. अखेर नोंद दुरुस्त झाली आणि परतावा व्याजासह आला. ज्याला सांगावे असे कोणी नव्हते. शिवाय दुरुस्तीचा दुसरा अर्थ त्यांना स्वच्छ दिसत होता : आता वसुली नेमसिंगकडून. उत्तराचा मसुदा करून ते त्याच्या दारात गेले. त्याची बायको शिला उंबऱ्यात उभी राहिली.

"नोटीस आली असेल. मी उत्तर लिहून आणले आहे, वहिनी."

"ते कळमनुरीला गेलेत. सल्लागाराकडं."

आत नेमसिंग खोकला. दोघांनीही ऐकले नसल्यासारखे केले.

"त्यांना सांगा," गुरुजी जरा मोठ्याने म्हणाले, "चूक कार्यालयाची आहे, हे पहिल्याच ओळीत लिहा म्हणावे."

"सांगते." शिलाने कागद घेतला नाही.

परतताना थावरा नाईकांच्या ओट्यावर चारपाच जण बसले होते. "जय सेवालाल, गुरुजी," सगळे अदबीने म्हणाले. सरकून जागा मात्र कोणी केली नाही.