तोफेची खोळ आणि विहीणबाई

विहीणबाईंवर मी सूड उगवला, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, म्हातारी शेवटाला क्षमाबिमा करून मोकळी होईल. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं लिहिणं-वाचणं माझं मीच शिकले, त्यामुळं सजवून लिहायला येत नाही.

माझा धंदा ताडपत्री शिवायचा. नगरला लष्कराची छावणी, म्हणून गाड्यांच्या हुडांचं, तंबूंचं काम मिळायचं, आणि एरवी कांद्यावर टाकायच्या ताडपत्र्या होत्याच. आमचे मालक वारल्यावर चार बायका हाताशी धरल्या आणि एमआयडीसीच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या शेडमध्ये मी मशिनी मांडल्या. एकुलती एक लेक मिरजगावला दिलेली. तिच्या सासरचं हायवेला ताडपत्रीचं दुकान. म्हटलं, चला, एका धंद्यातली माणसं, पोरीला परकं वाटायचं नाही.

पण विहीणबाईंचा तोरा वेगळाच. लग्नात मी त्यांना मानाची साडी दिली, चांगली काठापदराची. त्यांनी ती मांडवातच उलगडली, दोन बोटांत धरून बघितली आणि भांडी घासायला आलेल्या बाईच्या हातात दिली. वर सगळ्यांना ऐकू जाईल असं हसून म्हणाल्या, "आमचं दुकान हाय बाई, यांची नुसती शिलाई!" मी हसले. मुलीची आई मांडवात दुसरं काय करणार? पण ते हसू मी गिळलं नव्हतं, दाढेखाली धरून ठेवलं होतं.

मग ते जहाजांचं काम आलं. आमचा ठेकेदार शेडमध्ये येऊन म्हणाला, "मावशी, समुद्रावरचं काम हाय. करता का?"

"समुद्र मी टीव्हीत पाह्यलाय, बाबा."

"तेवढं बास हाय. पोहायचं न्हाई, शिवायचं हाय."

नौदलाच्या नव्या फ्रिगेट बांधायला घेतल्या होत्या. फ्रिगेट म्हणजे लढाऊ जहाज. फार अवाढव्य नाही, फार लहान नाही, पण अंगभर हत्यारं. एकाच आराखड्यावर एकीमागून एक बांधायच्या, सख्ख्या बहिणींसारख्या. नाकाशी मोठी तोफ. तिच्या मागं डेकच्या पोटात क्षेपणास्त्रांच्या उभ्या नळ्या, त्यांना वरून झाकणं. दोन्ही बाजूंना टॉर्पेडो, वरच्या अंगाला लहान तोफा. हे सगळं खाऱ्या पाण्यानं गंजू नये म्हणून त्याला कापडाच्या खोळी लागतात. एवढं लोखंड, एवढी अक्कल, आणि शेवटी गाडी येऊन थांबली शिंपिणीच्या दारात. मला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू!

पोलीस दोनदा घरी चौकशीला आले. शेजारीण आठ दिवस माझ्याशी जपून बोलत होती. मग पास मिळाला आणि मी गोदीत मापं घ्यायला गेले. जहाज अजून अर्धं बांधलेलं, जिकडंतिकडं ठिणग्या उडत होत्या. तोफ मात्र बसवलेली. तिच्या नळीवर मी हात फिरवला, नव्या बैलाच्या मानेवरून फिरवतात तसा. एक तरुण अधिकारी बरोबर होता. म्हणाला, "आजी, घाबरू नका, ती भरलेली नाही."

मी म्हटलं, "मी भरलेली हाय. तू तिला सांग घाबरू नको म्हणून."

खूप हसला पोरगा.

पहिला नमुना मी जीव ओतून शिवला. आणि चुकले. आम्ही नगरची माणसं कांदा झाकणारी. वरचं कापड खालच्यावर चढवायचं, कौलांसारखं, म्हणजे पाऊस घरंगळून जातो. आणि खालचा घेर मोकळा सोडायचा, नाहीतर कांद्याला वारा लागत नाही, कांदा सडतो. तोफेलाही मी तसंच केलं. जहाज समुद्रावर चाचणीला जाऊन आलं आणि खोळ काढली, तर आत मिठाचा थर. अधिकारी म्हणाला, "आजी, इथं पाऊस खालून पडतो."

जहाजाचं नाक लाटेत बुडतं आणि पाणी खालून वर उसळतं, ते मला कुठं ठाऊक? पण एकदा कळलं ते कळलं. घरी येऊन मी सगळा फर्मा, म्हणजे ज्यावरून कापड बेततात तो कागद, नव्यानं कापला. दोन्ही कडा एकमेकींत मुडपून शिवण घातली, म्हणजे पाणी वरून येवो की खालून, त्याला वाट नाही. घेराला आतून दुसरा पदर लावला. ती खोळ पास झाली. पहिल्या जहाजाच्या सगळ्या खोळी आम्ही पाच बायकांनी शिवल्या.

नवा फर्मा मी पेटीत ठेवला. चुकलेला जुना, खाकी कागदाचा, भिंतीवर खिळ्यालाच राहिला.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विहीणबाई आल्या. कधी नव्हे त्या शेड बघायची म्हणाल्या. मी चहा टाकायला वळले, तेवढ्यात खिळा रिकामा. मला ते कळलं त्या गेल्यावर. आणि महिन्याभरानं कळलं की पुढच्या दोन जहाजांच्या खोळींचं काम दुसऱ्या एका ठेकेदारानं तो फर्मा बघून त्यांच्या दुकानाला दिलं. माझ्या चार बायका नुसत्या बसून राहिल्या. एकीनं विचारलं, "काकू, आता आमी काय ऊस तोडाया जायचं का?"

पहिल्यांदा वाटलं, जाऊन झिंज्या उपटाव्यात. मग लक्षात आलं, बाईनं काय चोरून नेलंय. कागदावर माप असतं, कापड कुठलं ते असतं. पाणी कुठून येतं ते कागदावर नसतं. त्यांनी माझी चूक चोरली होती. मी खाटेवर बसून एकटीच हसले, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

एक गोष्ट मात्र मी मनाशी तपासून घेतली. खोळी जहाजावर चढण्याआधी खालून पाण्याचा फवारा मारून बघतात, हे मला ठाऊक होतं. पहिल्या नमुन्यानंतर ते सुरू झालं होतं. म्हणजे तोफेला गंज चढायची भीती नव्हती. अडकणार होत्या त्या फक्त विहीणबाई. तोफेला धोका असता तर मी तोंड उघडलं असतं. तोफेशी माझं भांडण नव्हतं.

त्या वर्षी धोंड्याचा महिना आला. जावयाला बोलावलं, लेकीला बोलावलं, विहीणबाईंनाही मानानं बोलावलं. पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार. विहीणबाई जेवताना जावयाकडं बघत म्हणाल्या, "आमी खोळीवर घागरी उपड्या केल्या, बरं का. थेंब न्हाई आत!"

"वरनं ओतल्या?" मी विचारलं.

"मग काय खालनं ओतायच्या? इहीणबाई, तुमी पण ना!"

सगळे हसले. मीही हसले आणि त्यांना आणखी एक धोंडा वाढला. मनाशी म्हटलं, एकदा विचार. तुझ्या तोंडानं म्हण, बाई, हे बरोबर हाय का बघ, आणि मी सांगते. तिनं तूप मागितलं.

लेक माझ्या मागं स्वयंपाकघरात आली. तिच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या. सासरच्या सगळ्या खोळी तीच शिवत होती. सासूला ती आत्या म्हणते. म्हणाली, "आई, फर्म्यावर तुझ्या हातच्या पेन्सिलीच्या खुणा दिसल्या. तू आत्यांना दिलास व्हय? लई बरं केलंस गं. तुझाच हाय म्हटल्यावर मी डोळे झाकून शिवते."

तिथं मी बोलायला हवं होतं. पोरीचं वाक्य माझ्या काळजात सुईसारखं गेलं. पण बाहेरून विहीणबाईंचं हसणं ऐकू आलं, तेच मांडवातलं. मी म्हटलं, "शीव. हात जपून शीव."

तपासणीत सगळा माल परत आला. एकूणएक खोळ आतून ओली.

तिसऱ्या दिवशी विहीणबाई लेकीला घेऊन टेम्पोनं शेडवर आल्या, मागं खोळींचा ढीग. विहीण दारात आली की उठायचं, पाय धुवायला पाणी द्यायचं, ही आमची रीत. मी मशीनवरून उठले नाही. शिवण चालू होती ती पुरी केली, दोरा तोडला, मग मान वर केली.

"या."

"इहीणबाई, लई वंगाळ झालं बघा. तपासणीवाला म्हनला, नवा फर्मा तुमच्याकडं हाय."

"हाय. जुना कुठून आनला, ते आधी सांगा."

त्या मागच्या ढिगाकडं बघायला लागल्या. माझ्या चारी बायकांनी पॅडलवरून पाय उचलले, मशिनी थांबल्या. मला घाई नव्हती.

"तुमच्या खिळ्यावरनं," त्या खाली बघत म्हणाल्या.

"मोठ्यानं."

"तुमच्या खिळ्यावरनं नेला. न इचारता."

खोटं का बोलू, ते ऐकताना मला धोंड्यापेक्षा गोड लागलं. मी म्हटलं, "फर्मा देते. निम्मं काम ह्या चौघी करतील. आणि जुन्या शिवणी उसवायच्या तुमी. माझ्या बायका न्हाई, माझी लेक न्हाई. तुमी सोता, हितं, जमिनीवर बसून."

मी ब्लेड पुढं केलं. त्यांनी घेतलं. साडीचा काठ आवरून त्या खाली बसल्या आणि पहिला टाका तोडला. जाड दोरा, दाट टाके. तासाभरात त्यांची बोटं लाल झाली. मी चहा मागवला, सगळ्यांना दिला, त्यांना शेवटी.

लेक दारालाच टेकून उभी होती. तिनं विचारलं, "आई, तुला माहीत हुतं?"

"व्हय."

"धोंड्याच्या दिवशी? मी इचारलं तवा?"

"व्हय."

मला वाटलं, रडेल. तिनं दुसरं ब्लेड उचललं, माझ्याकडं पाठ करून सासूच्या शेजारी बसली आणि त्याच खोळीचं दुसरं टोक मांडीवर घेतलं. मी म्हटलं, "तू नको गं." तिनं ऐकलं नाही. चार दिवस दोघी अशाच बसून उसवत होत्या, हळूहळू काहीतरी बोलत. मी जवळ गेले की गप्प.

नव्या शिवणीच्या खोळी पास झाल्या, जहाजांवर चढल्या. ती शिवण विहीणबाईंना मीच शिकवली, हात धरून, चुकल्या की हातावर फूटपट्टी मारून. त्याचा मला आजही पस्तावा नाही.

लेक सणावाराला येते, आई म्हणते, माझ्या गुडघ्याला तेल चोळते. पण शिवणीत काही अडलं तर फोन मला करत नाही. सासूला विचारते. आणि सासू तिला बरोबर सांगते.